ऋतू बदलला की मुलांचं नाक का चोंदतं? ॲलर्जीचा श्वास, झोप आणि जेवणावर काय परिणाम होतो?

दिवाळीच्या आधीची आवराआवर सुरू होते. माळ्यावरची भांडी खाली येतात, पंखे पुसले जातात, कपाटामागची जळमटं निघतात, गाद्या झटकल्या जातात. आणि नेमकं त्याच आठवड्यात घरातलं लहान मूल सकाळी उठल्या उठल्या एकामागोमाग एक शिंका द्यायला लागतं.

ताप नसतो. अंग दुखत नाही. पण नाक पाण्यासारखं वाहतं आणि रात्री बंद होतं. मूल तोंड उघडं ठेवून झोपतं, घोरतं, दोन-तीनदा जागं होतं. सकाळी उठवताना चिडचिड करतं. शाळेतून डबा अर्धा परत येतो. बाई म्हणतात, 'वर्गात लक्ष नसतं.' आजी म्हणते, 'केळं आणि दही बंद करा.' शेजारी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधलं एखादं सिरप सुचवतात.

शिंका, झोप, जेवण आणि अभ्यास, या चार वेगवेगळ्या तक्रारी वाटतात. प्रत्यक्षात अनेकदा त्यांचं मूळ एकच असतं: ऋतूनुसार होणारी नाकाची ॲलर्जी. डॉक्टर तिला 'ॲलर्जिक ऱ्हायनायटिस' म्हणतात. हा आजार सहसा जिवावर बेतत नाही, म्हणूनच तो 'सर्दी आहे, जाईल' म्हणून वर्षानुवर्षं अंगावर काढला जातो. वाढत्या वयात त्याची किंमत मात्र मोठी असू शकते.

ॲलर्जी म्हणजे शरीरात नेमकं काय होतं?

'ॲलर्जी' हा शब्द १९०६ मध्ये क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नातल्या बालरोगतज्ज्ञाने पहिल्यांदा वापरला. बाहेरून आलेल्या पदार्थाला शरीराने बदललेल्या पद्धतीने दिलेला प्रतिसाद, असं त्याला म्हणायचं होतं.

रोगप्रतिकारशक्तीचं काम जंतूंशी लढण्याचं. पण काही मुलांमध्ये ती परागकण, बुरशीचे बीजाणू किंवा धुळीतल्या कणांनाही शत्रू समजते. या कणांविरुद्ध शरीर 'आयजीई' नावाची प्रतिपिंडं तयार करतं. ही प्रतिपिंडं नाकाच्या आतल्या अस्तरातल्या 'मास्ट' पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तोच कण नाकात शिरला की या पेशी फुटल्यासारख्या होतात आणि हिस्टामिनसारखी रसायनं बाहेर टाकतात.

मग दोन टप्प्यांत त्रास होतो. पहिला टप्पा काही मिनिटांतच सुरू होतो: खाज, शिंका, पाण्यासारखं नाक. दुसरा टप्पा काही तासांनी येतो. त्यात नाकाच्या अस्तराला सूज येते आणि नाक बंद होतं. त्यामुळेच संध्याकाळी मैदानात खेळताना बऱ्यापैकी ठीक असलेलं मूल रात्री झोपताना चोंदलेलं असतं. कारण आणि त्रास यांच्यात काही तासांचं अंतर पडल्याने पालकांना त्यांचा संबंध लागत नाही. मग दोष रात्री खाल्लेल्या केळ्यावर येतो.

आई किंवा वडिलांना ॲलर्जी, दमा किंवा त्वचेचा इसब असेल तर मुलाला ॲलर्जी होण्याची शक्यता वाढते. दोघांनाही असेल तर आणखी वाढते.

महाराष्ट्रात कोणत्या ऋतूत काय त्रास देतं?

युरोपात 'हे फीव्हर' म्हटलं की उन्हाळ्यातले गवताचे परागकण डोळ्यांसमोर येतात. महाराष्ट्रात चित्र थोडं वेगळं आहे. इथे जवळपास प्रत्येक ऋतूचा स्वतःचा त्रास आहे.

पावसाळ्यात हवेतला दमटपणा वाढतो. भिंतींना ओल येते, कपड्यांना कुबट वास येतो. हे बुरशीला पोषक वातावरण. गाद्या, उशा आणि गोधड्यांमध्ये राहणारे धुळीतले माइट्सही याच दिवसांत वाढतात. हे किडे साधारण पाव मिलिमीटर लांबीचे असतात, साध्या डोळ्यांना दिसत नाहीत, चावतही नाहीत. माणसाच्या त्वचेचा कोंडा हे त्यांचं खाद्य. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांमुळे.

पाऊस ओसरताना गवतं फुलोऱ्यावर येतात. माळरानावर, रिकाम्या प्लॉटवर आणि रस्त्याच्या कडेला गाजरगवत माजलेलं असतं. मूळ अमेरिका खंडातलं हे तण १९५०च्या दशकात पुण्यात आढळल्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरलं. लोक त्याला 'काँग्रेस गवत' म्हणतात. त्याच्या स्पर्शाने त्वचेवर पुरळ येतं, हे शेतकऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. त्याचे परागकण नाकालाही त्रास देतात.

नेमकं त्याच सुमारास दिवाळी येते. साफसफाईत वर्षभराची धूळ एकदम उडते आणि पाठोपाठ फटाक्यांचा धूर येतो. धूर ही स्वतः ॲलर्जी नाही. पण आधीच सुजलेल्या नाकाला आणि श्वासनलिकांना तो आणखी चिडवतो. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार राहिली की धूर, धूळ वर जाऊ शकत नाहीत, खालीच साचून राहतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये अनेक झाडांना मोहर येतो आणि परागकणांची दुसरी फेरी सुरू होते. नेमके हेच परीक्षांचे दिवस.

सर्दी की ॲलर्जी, कसं ओळखायचं?

लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा विषाणूंमुळे सर्दी होणं सामान्य आहे. त्यामुळे गल्लत होते. काही खुणा मात्र उपयोगी पडतात.

- खाज: नाक, डोळे, टाळू किंवा कानात खाज येत असेल तर ॲलर्जीची शक्यता जास्त. सर्दीत खाज सहसा नसते.
- ताप: ॲलर्जीमुळे ताप येत नाही.
- कालावधी: साधी सर्दी आठ-दहा दिवसांत उतरते. ॲलर्जी आठवडेच्या आठवडे चालते किंवा दरवर्षी त्याच महिन्यांत परत येते.
- शेंबडाचा प्रकार: ॲलर्जीत तो पाण्यासारखा पातळ असतो. सर्दीत तो काही दिवसांनी दाट, पिवळा-हिरवा होतो. केवळ हिरवा रंग म्हणजे अँटिबायोटिक हवंच, असं नाही.
- शिंका: एकामागोमाग एक, विशेषतः सकाळी.

मुलाच्या चेहऱ्यावरही खुणा दिसतात. सतत तळहाताने नाक खालून वर चोळल्याने नाकाच्या शेंड्याच्या वर एक आडवी रेघ उमटते. नाकाभोवतीच्या शिरांमध्ये रक्त साचल्याने डोळ्यांखाली काळसर वर्तुळं येतात. 'मूल अशक्त झालंय, रक्त कमी असेल' असं समजून टॉनिक दिलं जातं. खरं कारण मात्र बंद नाक असू शकतं.

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. फक्त एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर ती ॲलर्जी नसते. लहान मुलाने शेंगदाणा, मणी, खडूचा तुकडा असं काही नाकात घातलेलं असण्याची शक्यता असते. बटणासारखी छोटी बॅटरी असेल तर ती काही तासांत आतली त्वचा जाळू शकते. अशा वेळी घरी काढायचा प्रयत्न न करता लगेच डॉक्टरांकडे जायला हवं.

श्वासावर काय परिणाम होतो?

नाकाचं काम फक्त हवा आत घेण्याचं नाही. नाक हवा गाळतं, गरम करतं आणि ओलसर करतं. नाक बंद झालं की मूल तोंडाने श्वास घेतं आणि कोरडी, थंड, न गाळलेली हवा थेट घशात आणि पुढे श्वासनलिकांत जाते. घसा कोरडा पडतो, खोकला येतो.

मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त त्रास होण्याचं कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे. नळीतून संथपणे वाहणाऱ्या हवेसाठी नळीची त्रिज्या अर्धी झाली, तर होणारा अडथळा दुप्पट नाही, सोळापट होतो. मोठ्या माणसाच्या नाकात जी सूज किरकोळ वाटते, तीच लहान मुलाच्या चिमुकल्या नाकात रस्ता बंद करते. पहिल्या काही महिन्यांतली बाळं तर प्रामुख्याने नाकानेच श्वास घेतात. त्यामुळे त्यांचं नाक चोंदलं की ती लगेच कासावीस होतात. अर्थात इतक्या लहान बाळांमध्ये कारण बहुधा ऋतूची ॲलर्जी नसतं, विषाणूची सर्दी किंवा सुकलेला शेंबूड असतो. परागकणांची ॲलर्जी व्हायला आधी एक-दोन मोसम त्या परागकणांशी संपर्क यावा लागतो.

महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. नाक आणि फुप्फुसं या एकाच रस्त्याच्या दोन बाजू आहेत. दमा असलेल्या बहुतांश मुलांना नाकाचीही ॲलर्जी असते आणि नाकाची ॲलर्जी असलेल्या मुलांमध्ये दम्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. नाकाकडे दुर्लक्ष झालं तर दमाही आटोक्यात राहत नाही.

म्हणून पालकांनी या गोष्टींवर नजर ठेवायला हवी: मध्यरात्री किंवा पहाटे येणारा कोरडा खोकला, पळाल्यावर किंवा जोरात हसल्यावर येणारी खोकल्याची उबळ, श्वास सोडताना छातीतून शिट्टीसारखा आवाज, खेळताना इतर मुलांच्या आधी दमून बसणं. हे दिसत असेल तर केवळ नाकाचं औषध पुरेसं नाही. छाती तपासून घ्यायला हवी.

दम्याचं निदान झालं की अनेक घरांत एकच भीती असते: 'पंपाची सवय लागेल.' इनहेलरची सवय लागत नाही. त्यातून औषध थेट श्वासनलिकांत पोचतं, त्यामुळे मात्रा तोंडाने घ्यायच्या औषधापेक्षा खूपच कमी लागते. लहान मुलांना तो स्पेसर लावूनच द्यायचा असतो. नाहीतर बरंचसं औषध घशालाच चिकटून राहतं.

झोप का मोडते?

ॲलर्जीचा त्रास रात्री आणि पहाटे वाढतो, हा अनेक पालकांचा अनुभव खरा आहे. त्याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत. आडवं झालं की नाकाच्या अस्तरातल्या शिरांमध्ये जास्त रक्त साचतं आणि सूज वाढते. शरीरातलं कॉर्टिसोल हे सूज दाबणारं संप्रेरक रात्री सर्वांत कमी असतं. दिवसभरातल्या संपर्काचा दुसरा टप्पा याच वेळी येतो. आणि मूल ज्या उशीत तोंड खुपसून झोपतं, तिथेच माइट्सचा मुक्काम असतो.

बंद नाकामुळे मूल तोंडाने श्वास घेतं, घोरतं. नाकाच्या मागे असलेली ॲडेनॉइड ग्रंथीही वाढलेली असेल, तर झोपेत श्वास काही क्षण अडतो. प्रत्येक वेळी मेंदू शरीराला अर्धवट जागं करून श्वास पुन्हा सुरू करतो. मुलाला सकाळी यातलं काहीच आठवत नाही. घड्याळाप्रमाणे झोप नऊ तास झालेली असते, पण गाढ झोप तुटक-तुटक मिळालेली असते.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून दहा ते तेरा तास. मोठा माणूस झोप अपुरी झाली की पेंगतो. मुलं बऱ्याचदा उलट वागतात: चिडतात, रडतात, एका जागी बसत नाहीत, सांगितलेलं विसरतात. अशा मुलाला 'हट्टी' किंवा 'खोडकर' ठरवण्याआधी ते रात्री कसा श्वास घेतं, हे पाहायला हवं.

यात कानाचाही भाग आहे. नाकाच्या मागून कानाकडे जाणारी बारीक नळी सुजली की पडद्यामागे द्रव साचतो आणि काही आठवडे ऐकू कमी येतं. 'बोलावलं तरी ओ देत नाही', 'टीव्हीचा आवाज वाढवतो' या तक्रारींमागे कधी कधी हे कारण असतं.

अभ्यासावर होणारा परिणाम मोजलाही गेला आहे. ब्रिटनमध्ये २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ ते १७ वर्षांच्या १,८३४ विद्यार्थ्यांची हिवाळ्यातली सराव परीक्षा आणि उन्हाळ्यातली मुख्य परीक्षा यांची तुलना केली गेली. परीक्षेच्या दिवसांत परागकणांच्या ॲलर्जीचा त्रास होत असलेल्या विद्यार्थ्यांची श्रेणी घसरण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आढळली. जे विद्यार्थी झोप आणणारी ॲलर्जीची औषधं घेत होते, त्यांच्यात ही शक्यता सुमारे ७० टक्क्यांनी जास्त होती. म्हणजे आजार तर नडतोच, पण चुकीचं औषधही नडतं.

जेवणाशी काय संबंध?

'काही खातच नाही' ही तक्रार घेऊन आलेल्या मुलाचं नाक तपासावं, हे पालकांना विचित्र वाटू शकतं. पण संबंध थेट आहे.

आपण ज्याला चव म्हणतो, त्यातला मोठा भाग वासाचा असतो. घास चावताना त्याचा वास घशाच्या मागून नाकात जातो. नाक बंद असेल तर जिभेला गोड, खारट, आंबट, कडू एवढंच कळतं. वरण-भातावरचं तूप, फोडणीचा खमंगपणा, यातलं काहीच पोचत नाही. जेवण बेचव लागतं आणि मूल फक्त गोड किंवा खारट-कुरकुरीत पदार्थच मागतं.

दुसरी अडचण यांत्रिक आहे. तोंडाने श्वास घ्यायचा आणि तोंडानेच चावायचं, ही दोन कामं एकाच वेळी होत नाहीत. मूल दोन घास खाऊन थांबतं, तोंड उघडं ठेवून चावतं, घाईने गिळतं किंवा पोळी-भाजीऐवजी मऊ आणि पातळ पदार्थ मागतं. अंगावर पिणारं बाळ दोन घोट घेऊन सोडतं, रडतं, पुन्हा धरतं.

तिसरं कारण पोटात आहे. नाकातला स्राव रात्रभर घशामागून पोटात उतरत राहतो. सकाळी मळमळतं, दुधाचा पेला पुढे केला की ओकारी येते. खोकल्याची उबळ येऊन कधी उलटीही होते आणि त्यात चिकट शेंबूड दिसतो. अशा मुलाला सकाळी साडेसहाला जबरदस्तीने दूध पाजल्यास ते बाहेरच येणार. त्यात रात्रीची झोप अपुरी असेल, तर भूक आणखी मंदावते.

काही मुलांमध्ये आणखी एक गोष्ट घडते. परागकणांमधली आणि काही कच्च्या फळांमधली प्रथिनं एकमेकांसारखी असल्याने फळ खाताच ओठ, जीभ, टाळूला खाज सुटते. युरोपात बर्च झाडाच्या परागकणांची ॲलर्जी असलेल्यांना सफरचंद खाताना होणारा त्रास हे याचं प्रसिद्ध उदाहरण. मूल एखादं फळ 'टोचतं' म्हणत असेल तर ते नखरे समजू नयेत. पण खाजेसोबत अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, उलट्या किंवा धाप असेल तर ती गंभीर अन्न-ॲलर्जी असू शकते. अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठावं लागतं.

मग केळं, दही, दूध बंद करायचं का?

घरोघरी पहिला बडगा यांच्यावरच पडतो. पण परागकण किंवा धुळीच्या ॲलर्जीचं कारण केळं किंवा दही नसतं. दूध प्यायल्यावर घशात दाटपणा जाणवतो, कारण दूध आणि लाळ मिसळून तोंडात पातळ साय बसल्यासारखं होतं. त्याने कफ तयार होण्याचं प्रमाण वाढत नाही. एखाद्या मुलाला विशिष्ट पदार्थाने दर वेळी त्रास होत असेल तर तो पदार्थ टाळावा आणि डॉक्टरांना सांगावं. सरसकट बंदीने मात्र आधीच कमी जेवणाऱ्या मुलाच्या ताटातून प्रथिनं आणि कॅल्शियम कमी होतात.

हीच अडचण रक्ताच्या मोठ्या ॲलर्जी पॅनेलची आहे. अहवालात एखाद्या पदार्थापुढे 'पॉझिटिव्ह' लिहिलेलं असतं आणि दहा-पंधरा पदार्थ बंद होतात. अहवालाचा अर्थ एवढाच की शरीराने त्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली आहेत. मूल तो पदार्थ आजवर विनात्रास खात असेल, तर केवळ कागदावरच्या आकड्यासाठी तो बंद करायची गरज नसते.

औषधं: काय उपयोगी, कुठे सावध?

कोणतंही औषध मुलाचं वय, वजन आणि त्रास पाहून डॉक्टरांनीच ठरवायचं असतं. पालकांना मात्र काही गोष्टी माहीत असायला हव्यात.

मिठाच्या पाण्याचे थेंब किंवा स्प्रे. सलाइन ड्रॉप्स नाकातला स्राव आणि अडकलेले कण धुऊन काढतात. झोपण्याआधी आणि जेवणाआधी वापरल्यास सर्वाधिक फायदा होतो. मोठं मूल नाक धुणार असेल, तर पाणी उकळून गार केलेलंच हवं. नळाचं पाणी थेट नाकात घालू नये.

स्टेरॉइडचा नेझल स्प्रे. नाव ऐकून घाबरायला होतं, पण सततच्या ॲलर्जीत हे सर्वांत परिणामकारक औषध मानलं जातं. मात्रा अतिशय कमी असते आणि ती प्रामुख्याने नाकापुरतीच काम करते. परिणाम दिसायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. 'दोन दिवस मारला, फरक नाही' म्हणून सोडणं ही सर्वांत मोठी चूक. दीर्घकाळ वापरताना मुलाची उंची डॉक्टरांकडे नियमित मोजून घ्यावी. स्प्रे मारताना नळीचं टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न करता बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने ठेवायचं असतं.

अँटिहिस्टामिन सिरप. खाज, शिंका आणि वाहतं नाक यांवर ती चांगली चालतात, बंद नाकावर कमी. जुन्या पिढीतली क्लोरफेनिरामाइनसारखी औषधं मुलाला झोपाळू करतात. पण गुंगी म्हणजे चांगली झोप नव्हे. नव्या पिढीतली औषधं हा परिणाम कमी करतात. भूक वाढवण्यासाठी दिलं जाणारं सायप्रोहेप्टाडिन हेही खरंतर जुन्या पिढीतलं अँटिहिस्टामिनच आहे. ते 'टॉनिक' म्हणून आणि शेजारी ॲलर्जीचं दुसरं सिरप, असं दोन्ही सुरू असेल तर गुंगी दुप्पट होते. त्यामुळे मूल घेत असलेली प्रत्येक बाटली डॉक्टरांना दाखवायला हवी.

सर्दी-खोकल्याची मिश्र सिरप. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकाने क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापायला सांगितला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात दूषित कफ सिरपमुळे बालकांचे मृत्यू झाल्यानंतर केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने सूचना काढली: दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांसाठीही ती सर्वसाधारणपणे सुचवली जात नाहीत. जुन्या चिठ्ठीवर पुन्हा तेच सिरप आणणं म्हणूनच धोक्याचं आहे.

माँटेलुकास्ट. अनेक मुलांना हे औषध महिनोन्‌महिने सुरू असतं. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा लावला. भयानक स्वप्नं, चिडचिड, वागण्यात बदल, नैराश्य असे परिणाम काहींमध्ये दिसू शकतात. सौम्य नाकाच्या ॲलर्जीत इतर औषधं चालत असतील तर हे टाळावं, असं त्यात म्हटलं आहे. औषध सुरू झाल्यावर मुलाची झोप किंवा स्वभाव अचानक बदलला, तर डॉक्टरांना लगेच कळवावं.

नाक मोकळं करणारे थेंब. झायलोमेटाझोलिनसारखे थेंब दोन मिनिटांत नाक उघडतात. पण सलग काही दिवस वापरले की उलटा परिणाम होऊन नाक जास्तच चोंदतं. डॉक्टरांनी सांगितलेल्या तीन-पाच दिवसांपलीकडे ते चालू ठेवू नयेत.

त्रास तीव्र असेल आणि नेमकं कारण तपासणीत सापडलं असेल, तर इम्युनोथेरपीचा पर्याय असतो. त्यात त्याच घटकाची मात्रा हळूहळू वाढवत शरीराला सवय लावली जाते. हा उपचार साधारण तीन वर्षं चालतो आणि तो तज्ज्ञांकडेच करावा लागतो.

घरी काय करता येतं?

- उशीचे अभ्रे आणि चादरी आठवड्यातून एकदा गरम पाण्यात, शक्यतो साठ अंशांच्या आसपास, धुवाव्यात.
- गाद्यांना ऊन दाखवायची जुनी पद्धत चांगली आहे. उन्हाने ओल कमी होते. पण गादी घराबाहेर झटकावी आणि तेव्हा मूल जवळ नसावं.
- केरसुणीने कोरडं झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावं. दिवाळीची साफसफाई मूल शाळेत असताना करावी.
- मऊ खेळणी पलंगावर कमीत कमी ठेवावीत आणि धुता येतील अशीच असावीत.
- भिंतीची ओल बुजवावी. त्यावर नुसता रंग मारल्याने बुरशी जात नाही.
- मैदानातून आल्यावर हात-तोंड धुऊन कपडे बदलावेत.
- डासांची कॉइल, उदबत्ती, धूप, सिगारेट आणि बाळाला दिली जाणारी धुरी यांचा धूर मुलाच्या खोलीत नको.

काही घरगुती उपाय मात्र टाळायलाच हवेत. तान्ह्या बाळाच्या नाकात तेल घातलं तर ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. कापूर पोटात गेल्यास किंवा त्वचेतून जास्त प्रमाणात शोषला गेल्यास लहान मुलांना झटके येऊ शकतात. वाफ देताना गरम पाण्याचं भांडं उलटून भाजण्याचा धोका मोठा असतो.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

२००१ पासून जगभर वापरल्या जाणाऱ्या 'अरिया' मार्गदर्शक तत्त्वांमध्ये एक महत्त्वाची गोष्ट आहे. या ॲलर्जीची तीव्रता ठरवताना शिंका किती, हे मोजलं जात नाही. झोप मोडते का, शाळा आणि खेळ यांवर परिणाम होतो का, त्रास असह्य आहे का, हे विचारलं जातं. यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर आजार सौम्य राहिलेला नसतो. त्रास आठवड्यातून चारपेक्षा जास्त दिवस आणि सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त चालत असेल, तर तो 'सततचा' मानला जातो.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची साधी नोंद उपयोगी ठरते: मूल रात्री किती वेळा उठलं, घोरलं का, डबा किती परत आला, कोणत्या दिवशी त्रास वाढला आणि त्या दिवशी घरात किंवा बाहेर काय वेगळं होतं. झोपेतल्या घोरण्याचा एक मिनिटाचा मोबाइल व्हिडिओही डॉक्टरांना बरंच काही सांगतो. वजन-उंचीचा तक्ता सोबत न्यावा.

पुढील लक्षणं दिसली तर मात्र वाट न पाहता रुग्णालयात जायला हवं:

- शांत असतानाही श्वास जलद. पूर्ण एक मिनिट मोजल्यावर दोन महिन्यांखालच्या बाळात ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष वयात ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त
- श्वास घेताना पोट उडणं, बरगड्यांखाली खळगा पडणं
- ओठ किंवा जीभ निळसर होणं
- धापेमुळे बोलता, पिता किंवा खाता न येणं
- झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटणं
- मूल सुस्त पडणं

ऋतू दरवर्षी बदलणार, गवत फुलणार, दिवाळीची आवराआवरही होणार. मुलाला ज्या महिन्यात दरवर्षी त्रास होतो, तो महिना पालकांना बहुधा ठाऊक असतो. तो येण्याआधी दोन आठवडे डॉक्टरांना भेटून उपचार सुरू केले, तर ते मूल त्या दिवसांतही नीट झोपू शकतं, पोटभर जेवू शकतं आणि मैदानात इतरांबरोबर पळू शकतं.